'हलले' म्हणून बाजूला ठेवलेले फोटो: चालत्या माणसावरच्या शटर स्पीड सरावाचं एक प्रकरण

काम आणि सामग्री

नवशिक्यांच्या फोटोग्राफी वर्गातला हा शटर स्पीडचा, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं याचा, सुरुवातीचा सराव. काम वरवर सोपं होतं: कॅमेऱ्यासमोरून आडवा चालत जाणारा सोबती आणि त्याचे तीन प्रकारचे फोटो. पहिल्यात तो उचललेल्या पावलासकट गोठलेला दिसला पाहिजे. दुसऱ्यात मागची पार्श्वभूमी स्पष्ट आणि चालणारा फराट्यासारखा. तिसऱ्यात बरोबर उलट, चालणारा बऱ्यापैकी स्पष्ट आणि मागचं सगळं आडव्या रेघांत ओढलेलं, म्हणजेच पॅनिंग.

विद्यार्थिनीकडे २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी (३५ मिमी फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा डीएसएलआर होता आणि त्यावर १८-५५ मिमी, एफ/३.५-५.६ ही किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी. सराव संध्याकाळी, पडदे ओढलेल्या हॉलमध्ये, छतावरच्या एलईडी दिव्यांखाली झाला. झूम पूर्ण, म्हणजे ५५ मिमीवर. सोबती सुमारे सात मीटरवरून आडवा चालणार. मागे अर्ध्या भागात पांढरी भिंत, अर्ध्या भागात पुस्तकांचं कपाट. फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात, कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर, एक खुर्ची राहून गेली होती. ती कुणाला खटकली नाही.

सेटिंग असं होतं: मोड 'ए' (यात अ‍ॅपर्चर आपण ठरवतो, शटर स्पीड कॅमेरा; काही कॅमेऱ्यांवर याच मोडला 'एव्ही' म्हणतात), अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/५.६, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो पण कमाल मर्यादा १६००, फोकस एएफ-एस (एकदाच लागून थांबणारा), फोकस बिंदूची निवड कॅमेऱ्यावर सोपवलेली, स्टॅबिलायझेशन (हाताचं थरथरणं आवरणारी सोय) चालू.

साठेक फोटो निघाले. कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर त्यातले बरेचसे चालून जातील असे वाटले. संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहिल्यावर गोठलेला म्हणावा असा एकही सापडला नाही. काही गडदही होते. विद्यार्थिनीचा निष्कर्ष: हात हलतो, तेव्हा ट्रायपॉड हवा किंवा एफ/१.८ ची लेन्स.

घाईचा पहिला उपाय

फोटो हलला की शटर स्पीड वाढवायचा, हे वर्गात सांगून झालं होतं. म्हणून त्याच हॉलमध्ये मोड 'एस' (यात शटर स्पीड आपण ठरवतो, अ‍ॅपर्चर कॅमेरा) करून थेट १/५००, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, लावलं गेलं. फोटो काळेकुट्ट आले.

कारण आधीच्या फोटोंच्या माहितीतच होतं. बहुतेक फोटो १/३०, एफ/५.६, आयएसओ १६०० वर निघाले होते. १/३० पासून १/५०० पर्यंत चार स्टॉप होतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे सेन्सरपर्यंत प्रकाशाचा सोळावा हिस्सा पोचणार. ही तूट भरून कोण काढणार? ५५ मिमीवर या लेन्सचं सगळ्यात मोठं अ‍ॅपर्चरच एफ/५.६ आहे, तिथे काही शिल्लक नाही. आयएसओची वाट १६०० च्या मर्यादेने अडवलेली. मर्यादा ६४०० केली असती तरी दोन स्टॉप कमीच पडले असते, कारण हिशेबाने २५६०० लागत होता. अशा वेळी व्ह्यूफाइंडरमधला अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकतो किंवा एक्स्पोजरची पट्टी उणे टोकाला जाते. कॅमेरा सांगत असतो, नवशिका पाहत नसतो.

हे गडद फोटो एडिटिंगमध्ये उजळल्यावर दाणे तर आलेच, पण काही फ्रेममध्ये आडवे पिवळसर पट्टेही दिसले. विजेच्या पुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. ६० हर्ट्झ असेल तिथे १२० वेळा. १/५०० एवढ्या वेगाला शटरच्या दोन पडद्यांमधली फट सेन्सरवरून सरकत जाते. वरच्या भागाला दिव्याचा तेज क्षण मिळतो, खालच्याला मंद, आणि पट्टे तयार होतात. सगळे एलईडी असं करत नाहीत. दिव्यातल्या ड्रायव्हरच्या दर्जावर ते ठरतं.

एक्स्पोजरचा त्रिकोण (शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांचा) फळ्यावर काढून दाखवण्याची पद्धत सगळीकडे आहे. त्या त्रिकोणात समोरच्या प्रकाशाला जागाच नसते, हा त्याचा मोठा तोटा. तीन आकडे फिरवले की सगळं जमतं असा समज होतो. या हॉलमध्ये ते जमणारं नव्हतं.

फोटो नीट वाचल्यावर

साठही फोटोंना 'हलले' हेच नाव दिलं गेलं होतं. प्रत्यक्षात त्यात वेगवेगळे दोष मिसळलेले होते, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. ते वेगळे करायला फोटो शंभर टक्क्यांवर उघडून तीन ठिकाणं पाहणं पुरेसं असतं: मागचं कपाट, चालणाऱ्याचा टेकलेला पाय आणि त्याचा उचललेला पाय.

सर्वाधिक फोटोंत पुस्तकांच्या कण्यावरची अक्षरं वाचता येत होती. सोबत्याचा टेकलेला बूटही स्पष्ट होता, अगदी लेसच्या गाठीसकट. धड मात्र आडवं ओढलेलं आणि मागून पुढे येणारा पाय जवळजवळ पुसलेला. टेकलेला बूट हा इथला सगळ्यात भरवशाचा पुरावा. चालताना जमिनीवरचं पाऊल क्षणभर खरोखर स्थिर असतं, म्हणून ते १/३० लाही स्पष्ट येतं. तो बूट स्पष्ट आहे म्हणजे फोकस बरोबर लागला होता. कपाट स्पष्ट आहे म्हणजे हातही स्थिर होता. उरतो फक्त माणसाचा वेग. इथे ट्रायपॉड लावून काहीही बदललं नसतं. स्टॅबिलायझेशनचंही तेच: ते कॅमेऱ्याचं थरथरणं आवरतं, समोरच्या माणसाला थांबवत नाही.

हात दोषी नसणार हे आकड्यांवरूनही कळत होतं. हातात धरून काढायच्या फोटोसाठी जुना ठोकताळा असा: शटर स्पीड निदान 'एक भागिले फोकल लेंग्थ' एवढा हवा. एपीएस-सी सेन्सरवर फोकल लेंग्थला १.५ ने गुणायचं, कॅननच्या कॅमेऱ्यांवर १.६ ने. ५५ मिमीसाठी ते १/८० ते १/९० च्या आसपास येतं. स्टॅबिलायझेशनने तीन स्टॉपची मदत मिळाली तरी १/१० पर्यंत जाता येतं. १/३० त्या हद्दीत आरामात बसतो.

दुसरा गट लहान होता. यात टेकलेला बूटही मऊ, कपाटही मऊ, पण कुठलीच कड एका दिशेला ओढलेली नाही; सगळीकडून सारखी पसरलेली. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीच्या पाठीची वीण मात्र लख्ख. फोकस बिंदू कॅमेऱ्याने निवडायचा असेल तर तो बऱ्याचदा जवळची, ठळक कडांची वस्तू धरतो. त्यात सोबती फ्रेममध्ये येण्याआधीच विद्यार्थिनी बटण अर्धं दाबून तयार राहत होती. एएफ-एस मध्ये एकदा लागलेला फोकस बोट उचलेपर्यंत तिथेच कुलूपबंद राहतो. फोकस तीन मीटरवर अडकला की ५५ मिमी आणि एफ/५.६ ला स्पष्टतेचा पट्टा साधारण २.७ ते ३.४ मीटर एवढाच असतो. सात मीटरवरचा माणूस त्यात येणं शक्य नाही. तोच फोकस सात मीटरवर असता तर पट्टा सुमारे ५.६ पासून ९.४ मीटरपर्यंत पसरला असता आणि दीड मीटर मागचं कपाटही त्यात आलं असतं. पहिल्या गटात नेमकं तसंच झालं होतं.

खरोखर हाताने हललेले फोटो मोजकेच निघाले. त्यांची खूण अशी की कपाट, बूट, भिंतीवरचा स्विचबोर्ड, सगळ्याच्या कडा एकाच दिशेला सारख्याच ओढलेल्या, आणि दिव्याच्या ठिपक्याची छोटी रेघ झालेली. या प्रत्येक फोटोत ओढ खाली तिरकी होती, कारण बटण दाबताना बोटाच्या झटक्याने कॅमेऱ्याचा उजवा भाग खाली जात होता.

गडद फोटोंचं कोडं वेगळं होतं. ते सगळे पांढऱ्या भिंतीसमोरचे. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरच्या दृश्याला मध्यम राखाडी धरून चालतो, त्यामुळे पांढऱ्याने भरलेली फ्रेम तो गडद करतो. इथे त्याने शटर १/८० पर्यंत नेला, म्हणजे एक आणि एक तृतीयांश स्टॉप प्रकाश कमी. शटर जलद झाल्याने धडाचा फराटा आखूड झाला, म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर हेच फोटो सगळ्यात 'शार्प' वाटले होते. त्यावरून कुणी पांढरी भिंत चांगली असा अर्थ काढला असता तर तो चुकीचा ठरला असता.

१/३० ला नेमकं किती हललं

सात मीटरवर ५५ मिमीची फ्रेम सुमारे तीन मीटर रुंद असते. फोटोची रुंदी ६००० पिक्सेल. म्हणजे माणसाच्या अंगावरचा एक मिलिमीटर दोन पिक्सेलमध्ये उतरतो. साधारण चालीचा वेग सेकंदाला १.४ मीटर धरला तर धडाचा फराटा असा पडतो:

१/३० ला ४७ मिमी, सुमारे ९३ पिक्सेल
१/८० ला १७.५ मिमी, ३५ पिक्सेल
१/१२५ ला ११ मिमी, २२ पिक्सेल
१/२५० ला ५.६ मिमी, ११ पिक्सेल
१/५०० ला २.८ मिमी, ५ ते ६ पिक्सेल
१/१००० ला १.४ मिमी, ३ पिक्सेल

कॅमेऱ्याचा तीन इंची पडदा सहा सेंटिमीटर रुंद धरा. त्यावर ३५ पिक्सेलचा फराटा मिलिमीटरच्या एक तृतीयांश एवढा दिसतो, म्हणजे दिसतच नाही. पडद्यावर फोटो पाहून पास-नापास ठरवू नये ते याचसाठी. भिंगाचं बटण दाबून चेहऱ्यापर्यंत मोठं करून पाहिलं तरच त्या पडद्याचा उपयोग.

वरचे आकडे धडाचे आहेत. पुढे येणारा पाय धडाच्या दुपटीहून अधिक वेगाने जातो, म्हणून १/२५० ला चेहरा ठीक येतो आणि बूट तरीही ओढलेला दिसतो. पावलासकट गोठवायचं असेल तर १/५०० पासून सुरुवात करावी. माणूस कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येत असेल तर एक-दोन स्टॉप संथ शटरही पुरतो, पण मग अंतर सतत बदलत असल्याने फोकसचा प्रश्न उभा राहतो.

झूम १८ मिमीवर आणला असता तर एफ/३.५ मिळालं असतं, एक आणि एक तृतीयांश स्टॉपचा फायदा. जागा न बदलता तसं केलं तर माणूस फ्रेममध्ये एक तृतीयांश उरतो. त्याला पुन्हा तेवढाच मोठा करायला जवळ गेलं की पिक्सेलमधला फराटाही पूर्ववत लांब होतो, आणि फ्रेमच्या कडेला हातपाय ताणलेले दिसतात. मधला मार्ग २४ मिमीच्या आसपास सापडतो, जिथे बहुतेक किट लेन्स एफ/४ च्या जवळ असतात. तरीही चार स्टॉपची तूट अशा युक्त्यांनी भरत नाही.

सराव पुन्हा कसा मांडला

दुसऱ्या वेळी दिवसा, पडदे उघडून, चालण्याची वाट खिडक्यांना समांतर आणि त्यांच्यापासून मीटरभर अंतरावर आखली. खिडकीचा प्रकाश आत जाताना झपाट्याने उतरतो, त्यामुळे तीच वाट तीन मीटर आत घेतली असती तर बराचसा फायदा गेला असता. इथे एफ/५.६ आणि आयएसओ १६०० ला मीटर १/२५० दाखवत होता, म्हणजे आदल्या वेळेपेक्षा आठपट प्रकाश. एलईडी बंद ठेवले. त्यामुळे पट्ट्यांचा प्रश्न मिटला, आणि दिव्याचा पिवळा व खिडकीचा निळसर रंग एकमेकांत मिसळण्याचाही. खुर्ची उचलली. पार्श्वभूमीला पूर्ण कपाट घेतलं, कारण कोऱ्या भिंतीवर पॅनिंगच्या रेघा उमटतच नाहीत. ओढायला मागे काहीतरी तपशील लागतो.

सुरुवात चालत्या माणसापासून केली नाही. आधी विद्यार्थिनीने स्वतःच्या हाताची मर्यादा शोधली. भिंतीवर छापील मजकुराचा कागद, झूम ५५, मोड 'एस', आणि १/१२५, १/६०, १/३०, १/१५, १/८ या प्रत्येक वेगाला पाच-पाच फोटो. एकदा स्टॅबिलायझेशन बंद ठेवून, एकदा चालू. पाचपैकी चार फोटोंत अक्षरं स्वच्छ वाचता येतील असा सगळ्यात संथ वेग ही त्या व्यक्तीची मर्यादा. ठोकताळा माहीत असला तरी हा आकडा प्रत्येकाने स्वतः काढावा, कारण तो कोपर अंगाशी धरण्याच्या, डावा तळवा लेन्सखाली ठेवण्याच्या आणि बोट टोचण्याऐवजी दाबत नेण्याच्या सवयीनुसार बदलतो. कंटिन्युअस ड्राइव्हवर (बटण दाबून धरलं की सलग फोटो) तीन फ्रेम काढल्या तर बोटाचा झटका पहिल्या फ्रेममध्ये जातो आणि मधली बऱ्याचदा जास्त स्पष्ट निघते.

मग गोठवण्याचा सराव. मोड 'एस', ऑटो आयएसओची मर्यादा ६४००, शटर १/३० पासून प्रत्येक वेळी दुप्पट करत १/१००० पर्यंत, बाकी कशालाही हात लावायचा नाही. १/५०० ला आयएसओ ३२०० लागला, १/१००० ला ६४००. नवशिक्याला पहिल्या दिवसापासून 'एम' (सगळं स्वतः ठरवायच्या) मोडवर बसवण्याचा आग्रह काही ठिकाणी असतो. हालचालीच्या सरावासाठी तो अडथळाच ठरतो: तीन चाकं फिरवण्यात लक्ष अडकतं आणि ज्या एका चाकाचा परिणाम पाहायचा तोच नजरेतून सुटतो.

फोकससाठी जमिनीवर चिकटपट्टीची खूण केली. सोबत्याला खुणेवर उभं करून मधल्या एकाच बिंदूने त्याच्या छातीवर फोकस लावला, मग लेन्सवरचा स्विच मॅन्युअलवर सरकवला. त्यानंतर झूमला किंवा फोकसच्या रिंगला धक्का लागू द्यायचा नाही. पाऊल खुणेवर पडताना बटण. एएफ-सी, म्हणजे हलत्या वस्तूमागे फोकस सतत बदलत नेणारी पद्धत (कॅननचं सर्व्हो), वापरूनही हे होतं. पण त्यात दोन कौशल्यं एकदम तपासली जातात आणि फोटो मऊ आला तर दोष कुणाचा हे पुन्हा धूसर होतं. एएफ-सी साठी वेगळा सराव ठेवलेला बरा.

प्रत्येक मालिकेआधी एका कागदावर हेतू, अंतर आणि स्टॅबिलायझेशनची स्थिती लिहून त्या कागदाचाच फोटो काढून ठेवला. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकल लेंग्थ फाइलमध्ये आपोआप नोंदले जातात. काय साधायचं होतं हे नोंदलं जात नाही.

दुसऱ्या प्रकारच्या फोटोंची गंमत म्हणजे ते आधीच मिळाले होते. पहिल्या संध्याकाळचे १/३० चे कितीतरी फोटो, कपाट लख्ख आणि माणूस फराट्यासारखा, हेच तर दुसरं काम होतं. त्यातले काही तिने जागेवरच पुसून टाकले होते. संगणकावर पाहिल्याशिवाय कार्डावरून काही पुसायचं नाही, हा नियम त्यानंतर वर्गात लागू झाला.

पॅनिंगला सगळ्यात जास्त वेळ गेला. चालत्या माणसासाठी १/३० ला मागच्या रेघा तोकड्या पडतात. १/१५ ला कपाट जवळजवळ १९० पिक्सेल ओढलं जातं आणि परिणाम ठसठशीत येतो. या खिडकीच्या प्रकाशात १/१५ ला आयएसओ १०० पर्यंत खाली आला होता, म्हणजे आणखी संथ जायचं तर अ‍ॅपर्चर एफ/८ करावं लागलं असतं. उभं राहण्याची रीत अशी: पावलं सोबत्याच्या वाटेच्या मध्याकडे रोखलेली, कमरेपासून वळणं, आणि सोबती फ्रेमच्या बाहेर असतानाच त्याचा पाठलाग सुरू. बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. शटरचा आवाज ऐकला की हात थबकतो, आणि शटर उघडं असण्याचा शेवटचा हिस्सा थांबलेल्या कॅमेऱ्याने टिपला जातो. स्टॅबिलायझेशनला पॅनिंगचा वेगळा पर्याय असेल तर तो निवडायचा. साध्या लेन्सवर तो नसेल तर बंद करूनही काढून पाहायचं, कारण काही लेन्स मुद्दाम केलेलं वळणंही थरथर समजून अडवायला जातात. चेहरा आणि धड स्पष्ट, हातपाय ओढलेले, असा फोटो यशस्वी धरायचा. दहातले दोन आले तरी सुरुवातीला पुष्कळ झाले.

दुसऱ्या फेरीनंतर

१/५०० च्या मालिकेत पाऊल हवेत गोठलेले फोटो मिळाले. आयएसओ ३२०० चे दाणे शंभर टक्क्यांवर दिसत होते, पूर्ण फ्रेम पाहताना त्रास देत नव्हते. जेपीईजीमध्ये कॅमेऱ्याचं नॉइज रिडक्शन (दाणे पुसण्याची सोय) जोरात असेल तर केस आणि कापडाची वीण मेणासारखी गुळगुळीत होते आणि तो फोटोही 'हलला' म्हणून गणला जातो. तिने ते 'कमी'वर ठेवून रॉ फाइलही, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, सोबत घेतली. एका मालिकेत सगळ्याच फ्रेमवर पांढुरकी झाक होती, खिडकीभोवती वलय होतं. लेन्सच्या पुढच्या काचेवर बोटाचा ठसा होता. ब्लोअरने धूळ उडवून मायक्रोफायबरच्या कापडाने पुसल्यावर झाक गेली.

राहिला एफ/१.८ च्या लेन्सचा प्रश्न. एफ/५.६ पेक्षा ती सव्वातीन स्टॉपच्या आसपास जास्त प्रकाश देते, म्हणजे त्या संध्याकाळच्या हॉलमध्ये आयएसओ १६०० लाच १/३० ऐवजी १/२५० पेक्षा थोडं जलद शटर मिळालं असतं. धडासाठी ते पुरेसं, पावलासाठी आणखी एक स्टॉप आयएसओ वाढवावा लागला असता. सात मीटरवर ५० मिमी आणि एफ/१.८ ला स्पष्टतेचा पट्टा साधारण १.४ मीटर असतो, आडव्या चालीला तो चालतो. दोन मीटरवर तोच अकरा-बारा सेंटिमीटर उरतो. तिथे खुर्चीवर अडकणारा फोकस आणि अर्धं दाबलेलं बटण या जुन्या चुका आधीपेक्षा महाग पडतात. शिवाय दिव्यांचे पट्टे त्या लेन्सनेही जाणार नाहीत. त्यासाठी कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची (दिव्याच्या मंद-तेज होण्याशी शटर जुळवण्याची) सोय असावी लागते किंवा १/१०० च्या आसपास थांबावं लागतं. लेन्स घ्यायला हरकत नाही असं तिला सांगितलं गेलं, पण पाचपैकी चारच्या चाचणीचा आकडा आणि खुणेवरच्या फोकसचा सराव कागदावर पक्का झाल्यावर.